अनुदान संपल्यानंतरचं वर्ष

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. कविता-प्रकल्पाचं अनुदान मंजूर झालं हे वाचून किती आनंद झाला म्हणून सांगू! इतकी वर्षं पदरमोड करून चालवलेल्या कामाला आता थोडा श्वास घेता येईल. आणि त्याच पत्राच्या शेवटी तू विचारलंस, "हे यशस्वी झालं की नाही, हे मी त्यांना कशावरून दाखवू?" हा प्रश्न तू काम सुरू व्हायच्या आधी विचारलास याचं मला फार बरं वाटलं. बहुतेकांना तो अंतिम अहवालाची तारीख तोंडावर आल्यावर पडतो. तोवर हाताशी फोटो, हजेरीपट आणि पावत्या एवढंच उरलेलं असतं.

मी या व्यवहाराच्या दोन्ही बाजूंना बसले आहे. अर्ज केलेत, अहवाल लिहिलेत आणि निवड समितीत बसून इतरांचे गठ्ठेच्या गठ्ठे वाचलेत. त्यावरून माझं जे मत झालंय ते आधीच सांगते. साहित्याच्या प्रकल्पाचं यश पैसे संपल्यानंतरच्या वर्षात दिसतं. प्रकल्प चालू असताना लोक येतात, कारण जागा ठरलेली असते, कुणीतरी आठवणीने बोलावणारं असतं, मार्गदर्शकाचं मानधन भागलेलं असतं. हे सगळं थांबल्यावर कोण लिहितंय, कोण वाचतंय, कोण आपणहून एकमेकांना भेटतंय, हे पाहायला हवं. बाकीची मोजमापं जरूर कर, पण ती या एका प्रश्नाच्या दिशेने जाणारी असू देत.

हजेरीपासून सुरुवात करते, कारण प्रत्येक अहवालाच्या पहिल्या पानावर तीच असते. आकडा द्यायलाच हवा. दुसऱ्याचा पैसा घेतलाय, तर तो किती जणांच्या कामी आला हे विचारायचा त्याला हक्क आहे. फक्त आकडा नीट दे. एकच माणूस चार बैठकांना आला की पुष्कळ अहवालांत त्याचे चार सहभागी होतात. तू माणसं वेगळी मोज, हजेरी वेगळी. आणि जे दोनदा येऊन परत फिरकले नाहीत त्यांना फोन कर. वेळ जमली नाही, की आपण काही वाचलं तर लोक हसतील असं वाटलं? गळालेल्या माणसांकडून जेवढं शिकायला मिळतं तेवढं टिकलेल्यांकडून मिळत नाही. अहवालात मात्र त्यांचा उल्लेख क्वचितच सापडतो.

समोरून माणूस गेला म्हणजे त्याने कविता वाचली असंही नाही. लंडनच्या भुयारी रेल्वेच्या डब्यांत १९८६ पासून जाहिरातींच्या शेजारी कविता लावल्या जातात. ज्यूडिथ चर्नाइक, जेरार्ड बेन्सन आणि सिसेली हर्बर्ट यांनी ते सुरू केलं. १९९२ मध्ये न्यू यॉर्कमध्येही तसाच उपक्रम सुरू झाला. मला ही कल्पना मनापासून आवडते. पण तिचं यश प्रवाशांच्या संख्येवरून सांगता येणार नाही. कुणी ओळी उतरवून घेतल्या, कुणी कवीचं नाव शोधलं, कुणी त्या कवितेची प्रत मागितली, अशा खुणा गोळा कराव्या लागतात. त्यांचा आकडा लहान येतो, आणि लहान आकडा लिहायची लोकांना लाज वाटते. तू लाजू नकोस.

आकडा मोठा आला तरी तो आपल्यामुळे आला का, हा प्रश्न राहतोच. अमेरिकेतली 'नॅशनल एंडोमेंट फॉर द आर्ट्स' ही संस्था १९६५ मध्ये स्थापन झाली. ती कलांना सरकारी पैसा देते आणि लोक काय वाचतात याची पाहणीही करवते. त्या पाहणीत १९८२ मध्ये ५६.९ टक्के प्रौढांनी वर्षभरात काही ना काही ललित साहित्य वाचलं होतं. २००२ मध्ये ते प्रमाण ४६.७ टक्क्यांवर आलं. कवितेपुरतं बघितलं तर २०१२ मध्ये ६.७ टक्के प्रौढांनी कविता वाचली होती आणि २०१७ मध्ये ११.७ टक्क्यांनी. पाच वर्षांत एवढी वाढ! तिचं श्रेय कुणाला द्यायचं? शाळांमधल्या काव्यपठण स्पर्धांना, मोबाइलवर फिरणाऱ्या छोट्या कवितांना, की अनुदानांना? प्रत्येकाचा थोडाफार वाटा असेल, पण कुठलाही एक प्रकल्प 'ही वाढ माझी' असं म्हणू शकत नाही. कॅनडाच्या महालेखापरीक्षकांच्या कार्यालयात काम केलेल्या जॉन मेन यांनी यातून एक वाट काढली. सगळा बदल आमच्यामुळेच झाला, असा दावा करायचा नाही. आपण काय केलं, त्यातून काय घडणं अपेक्षित होतं, ते घडल्याच्या खुणा कोणत्या, आणि दुसरी कुठली कारणं असू शकतात, एवढं क्रमाने मांडायचं. त्यातला शेवटचा भाग तू गाळू नकोस. "याच काळात वाचनालयानेही वाचकगट सुरू केला होता" असं स्वतःहून लिहिणाऱ्याच्या बाकीच्या पानांवर माझा जास्त विश्वास बसतो.

अभिप्राय फॉर्मचा विषय निघाला की माझा आवाज चढतो. समितीवर असताना मी एकदा एका प्रकल्पाचे मूळ फॉर्म मागवून घेतले. शेवटच्या दिवशी, निघायच्या घाईत भरलेले. कार्यशाळा कशी वाटली, मार्गदर्शक कसे होते, असे उपक्रम पुन्हा व्हावेत का, असले प्रश्न. सगळ्या कागदांवर 'उत्तम'च्या रकान्यात खुणा; काहींवर तर सगळ्या प्रश्नांना मिळून वरून खाली ओढलेली एकच रेघ. आणि अहवालात त्याचीच समाधानाची भलीमोठी टक्केवारी छापलेली. लोक खोटं बोलत होते असं मी म्हणत नाही. ज्याने इतक्या आपुलकीने शिकवलं तो समोर उभा असताना 'बरी होती' असं कोण लिहील? प्रश्नच असे होते की त्यांना दुसरं उत्तर नव्हतं. त्याऐवजी विचार: गेल्या महिन्यात कुणाची कविता वाचलीत? स्वतःची कविता कुणाला वाचून दाखवलीत? अलीकडे कुठली ओळ खोडलीत, आणि का? फॉर्म भरताना मार्गदर्शकाने खोलीत थांबू नये.

हेच प्रश्न पहिल्या दिवशी विचार, शेवटच्या दिवशी विचार आणि वर्षाने पुन्हा विचार. पहिल्या दिवसाची नोंद राहून गेली की सगळंच मुसळ केरात. फ्रांस्वा मातारासो यांनी १९९७ मध्ये ब्रिटनमधल्या लोकसहभागाच्या कलाप्रकल्पांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला आणि तब्बल ५० सामाजिक परिणाम मांडले. कलेला पैसा मागणाऱ्यांना त्याचा फार आधार वाटला. पण पुढे टीका झाली ती नेमकी इथेच: सहभागी होण्याआधी ही माणसं कुठे होती याची नोंद नसेल, तर ती बदलली हे कशावरून म्हणायचं?

आता सगळ्यात महत्त्वाचं. कवितेच्या प्रकल्पाच्या मूल्यमापनात कवितेकडे कुणी बघतच नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं. आत्मविश्वास वाढला, संवाद वाढला, एकटेपणा कमी झाला, हे सगळं लिहिलेलं असतं. ते खोटं नाही आणि मोलाचंही आहे. पण लेखन सुधारलं का? एका गटाबरोबर काम करताना मी पहिल्या आठवड्यापासूनचे सगळे खर्डे जपून ठेवले होते. एका मुलीने सुरुवातीला लिहिलं होतं, 'आईच्या दुःखाचा अथांग सागर, तिच्या डोळ्यांत दाटले आभाळ.' त्याच विषयावरचा तिचा शेवटचा खर्डा असा होता:

भांडी घासताना आई
नळ जरा जास्तच सोडते.
पाण्याचा आवाज थांबला की
आम्ही सगळे मोठ्याने बोलू लागतो.

सागर गेला, आभाळ गेलं, नळ आला. आणि शेवटच्या ओळीत घरातली बाकीची माणसंही आली, ज्यांना सगळं माहीत आहे. हा बदल कुठल्याही प्रश्नावलीत सापडला नसता. तू सहभागींच्या परवानगीने पहिला आणि शेवटचा खर्डा जपून ठेव. दोन्हींवरून नावं आणि तारखा काढून टाक, सगळे एकत्र मिसळ आणि प्रकल्पाशी संबंध नसलेल्या दोन जाणत्या वाचकांना दे. यातला कुठला नंतरचा वाटतो आणि का, एवढंच त्यांना विचार. त्यांना ओळखता आलं तर तुझ्याकडे खणखणीत पुरावा आहे. नाही आलं, तर तेही लिही. पुढच्या वर्षी शिकवायची पद्धत बदलायला तेच उपयोगी पडेल.

एक धोका मात्र आहे. डोनाल्ड कॅम्बेल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात बजावून ठेवलंय की एखाद्या आकड्यावर निर्णय जितके जास्त अवलंबून, तितका तो आकडा वाकवला जाण्याचा दबाव जास्त. संग्रहांच्या संख्येवर पुढचं अनुदान ठरू लागलं की कच्चे संग्रह निघतात. २०१६ मध्ये 'आर्ट्स कौन्सिल इंग्लंड' या कलांना सरकारी पैसा देणाऱ्या संस्थेने मोठं अनुदान घेणाऱ्या संस्थांना गुणवत्तेची एक ठरावीक मोजपट्टी लावायचं ठरवलं, तेव्हा म्हणूनच तिथे वाद झाला. त्या पद्धतीतली एक गोष्ट मला पटते: निर्माते, त्याच क्षेत्रातले जाणकार आणि प्रेक्षक, तिघांनाही सारखेच प्रश्न विचारायचे आणि उत्तरांतला फरक बघायचा. पण नाटकाला, नृत्याला आणि काव्यवाचनाला एकाच पट्टीवर गुण मिळाले की आज ना उद्या कुणीतरी त्यांची तुलना करणारच, आणि वीस माणसांपुढे हळू आवाजात वाचणाऱ्या कवीचं त्यात नुकसान होतं.

तू मासिकाचाही बेत लिहिला आहेस, त्याबद्दल थोडंसं. वर्गणीदार मोज, पण त्याहून जास्त हे बघ: किती जणांचं लेखन पहिल्यांदाच छापलं गेलं, त्यांतले किती पुढे दुसरीकडे छापून आले, मानधन वेळेवर गेलं का, आणि नाकारलेल्या लेखनासोबत संपादकाने दोन ओळी तरी कारण लिहिलं का. पुढे कधी एखाद्या कवीला वर्षभराची शिष्यवृत्ती दिलीस, तर त्याच्याकडून कवितांची संख्या मागू नकोस. त्याला मोकळा वेळ दिला होता. तो त्याला खरंच मिळाला का, एवढंच विचार.

आकड्यांच्या जोडीला एक रीत जरूर वापर. रिक डेव्हिस यांनी १९९० च्या दशकात बांगलादेशातल्या ग्रामविकासाच्या एका कार्यक्रमासाठी ती घडवली. लोकांना ठरावीक काळाने एकच विचारायचं: तुमच्या मते या दिवसांत झालेला सगळ्यात महत्त्वाचा बदल कोणता? आलेल्या हकिकती गटात वाचायच्या, चर्चा करून एक निवडायची आणि तीच का निवडली हे लिहून ठेवायचं. त्या 'का'मध्ये फार मोठा ऐवज असतो. तुझ्या सहभागींनी एक हकिकत निवडली आणि अनुदान देणाऱ्यांनी दुसरीच, तर दोघांच्या मनातलं यश वेगळं आहे हे तुला प्रकल्प चालू असतानाच कळेल.

पण हकिकती वापरताना जप. लोक कवितेत असं काही लिहितात जे त्यांनी घरातही सांगितलेलं नसतं. ते अहवालात चमकदार उदाहरण म्हणून घालायचा मोह होतो, विशेषतः तुरुंगात, रुग्णालयात किंवा निवारागृहात काम केलं असेल तर. परवानगी दोनदा घे: लिहिलं तेव्हा, आणि छापायच्या आधी पुन्हा. नकार दिला म्हणून कुणाची जागा जाणार नाही, हे स्पष्ट सांग. कविता लिहिणाऱ्याची असते, अनुदानावर तिची मालकी लागत नाही.

राहिला पैशाचा प्रश्न. मूल्यमापनासाठी एकूण रकमेच्या ५ ते १० टक्के ठेवावेत असा सर्वसाधारण सल्ला देतात. तू तेवढे ठेवच, पण त्यातले निम्मे प्रकल्प संपल्यावर वर्षाने खर्च करायची परवानगी आत्ताच मागून घे. अनुदानाचं वर्ष संपलं की खातं बंद होतं, म्हणून पुढच्या वर्षी लोकांना फोन करायला कुणी उरत नाही. कारण समजावून सांगितलं तर देणारे ऐकतात. समितीत असताना मी अशा मागणीच्या बाजूने आनंदाने हात वर केला आहे. नाहीच ऐकलं, तर अहवाल दोन भागांत द्यायचा प्रस्ताव ठेव: पहिला हिशेबासह मुदतीत, दुसरा चार पानांचा, वर्षाने.

करारावर सही करायच्या आधी तुझ्या प्रश्नांचा कच्चा मसुदा आणि बजेटचं पान मला पाठव. मी वाचून लगेच कळवते. खर्डे वाचायला बाहेरचे दोघे हवेत, त्यांतली एक मी व्हायला तयार आहे, मात्र तोपर्यंत मला तुझ्या गटातल्या कुणाचीही कविता दाखवू नकोस.

तुझी मैत्रीण