तुझ्या पडवीत बसू का?

सोलापूर,
रविवार, रात्री

प्रिय दत्त्या,

काय बे, शिव्या देऊन झाल्या असतील तर वाच. आठ महिने मी पत्र टाकलं नाही, तुझे दोन फोन उचलले नाहीत, आणि पोट भरतोय पोस्टावर. तब्येत ठीक. आईचे गुडघे तसेच.

माझी बदली झाली. तुझ्या गावाला. तुझ्याच जुन्या खुर्चीवर, ब्रँच पोस्टमास्तर म्हणून.

गड्ड्याच्या जत्रेत पाळण्याखाली उभा राहून मी तुला पळपुटा म्हणालो होतो, आठवतंय ना? तू परीक्षा देऊन पोस्टमन झालास, पुण्याला गेलास, आणि मी 'माझं गाव सोडणार नाही' म्हणून छाती काढली. (त्या दिवशी भजीचे पैसे तूच दिलेस, ते अजून फिटलेले नाहीत.) आता मीच चोरून ऑनलाइन अर्ज भरला. रिकाम्या जागांच्या यादीत तुझं गाव दिसलं, तीनदा पान बंद केलं, चौथ्यांदा भरून टाकलं. सुनीचं अंगणवाडीचं काम तुझ्या गावाजवळ मंगळवेढ्यात, पोरगी तिच्याजवळ, मी इकडं बोरी नदीकाठी हातानं भाकरी थापतोय. किती वर्षं?

आपली, ग्रामीण डाकसेवकांची बदली कशी असते ते तुला काय सांगायचं. तहसीलदार हलला की भत्ता मिळतो, सामानाला ट्रक लागतो. आपण मागून घेतलेली, म्हणून एसटीचं तिकीटही आपल्याच खिशातून. चौदा वर्षांची सीनियॉरिटी इथंच ठेवायची, नव्या विभागात परवा लागलेल्या पोराच्याही खाली नाव. परीक्षेला तेवढी जुनी नोकरी धरतात, पण मी कसली आता परीक्षा देतोय! आणि नाही जमलं म्हणून जुन्या जागेवर हक्क सांगता येत नाही. शिवाय इथं पाच तासांचं ऑफिस, तुझ्याकडं चार तासांचं. २०१८ च्या पगाराच्या तक्त्यात पाच तासांना १४,५०० पासून सुरुवात, चाराला १२,००० पासून. तास कागदावरचे, हे वेगळं सांगायला नको.

इथली माणसं 'पोस्ट बंतेनु?' (टपाल आलं का?) म्हणत दारात येतात. एका म्हातारीचा अंगठा मशीन घेतच नाही. मी तिला बोट धुऊन, पुसून, परत ठेवायला लावतो, ती मला कन्नडमध्ये शिव्या घालते, चौथ्या वेळी पैसे निघतात. नवा माणूस दुसऱ्या वेळीच 'उद्या या' म्हणेल. पण हे कारण पुढं करून मी थांबलो असतो तर सुनीनं मला उभा सोलला असता.

खरी गोष्ट वेगळी आहे. तुझा धाकटा भाऊ त्या जागेची वाट बघतोय, हे मला ठाऊक होतं. दहावीला ८९ टक्के. जागा बदलीनं भरली की भरतीच्या जाहिरातीत ती येणारच नाही, हेही ठाऊक होतं. तरी बटण दाबलं. म्हणून फोन उचलला नाही बे. ८९ टक्क्यांत हल्ली लागतं का, हा प्रश्न आहेच, पण तो मला विचारायचा हक्क नाही. आता माझी इथली जागा रिकामी होईल. त्याला तिथं अर्ज करायला सांग. कन्नड मी शिकवतो, आधी शिव्या.

आणि एक. ऑफिसला खोली ब्रँच पोस्टमास्तरनंच द्यायची असते. तुझी पडवी आहे, फळीवर शाईचे डाग अजून असतील. भाडं देतो. आबांना तू विचारशील की मी? ते मला अजून 'कानडी जावई' म्हणतात, आणि धाकटा समोर बसलेला असेल. माझं तोंड होत नाही.

हडपसरला टपाल वाटायची बीट कशी आहे? पोराचं ॲडमिशन झालं का? वहिनींना शेंगाचटणी पाठवतोय, डबा परत पाठव.

मला रिलीव्ह करायच्या आत उत्तर टाक. रजिस्टर करायला जाऊ नकोस, ते आता स्पीड पोस्टात गेलंय. साधंच टाक, इथं वाटणारा अजून मीच आहे.

तुझा,
सिद्धू