मुक्ताने वैमानिक व्हावे का? : मित्रास पत्र

प्रिय दिनकर,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोहोचले. मुक्ताने वैमानिक व्हायचे मनावर घेतले आहे आणि ‘या पेशात आता काही राम उरला आहे का, ते तू खरेखरे सांग’, असे तू विचारले आहेस. उरला आहे, असे माझे मत आहे. मात्र तो प्रशिक्षणसंस्थांच्या जाहिरातीत दिसतो त्या जागी नाही. शिवाय या निर्णयाचा कस मुलीच्या हुशारीपेक्षा दोन गोष्टींवर लागतो : पैसा कोठून उभा करणार, आणि नोकरी लागेपर्यंत घर किती काळ थांबू शकेल. यंत्रे वैमानिकाची जागा घेतील, ही भीती तुझ्या पत्रात सर्वांत आधी आहे. माझ्या यादीत ती सर्वांत शेवटी येते, म्हणून तिच्याविषयी शेवटी लिहितो.

परवाना हातात येणे आणि नोकरी मिळणे या दोन गोष्टींमध्ये जे अंतर आहे, ते बाहेरच्या माणसाला सहसा ठाऊक नसते. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या मानकांप्रमाणे व्यावसायिक परवान्यासाठी साधारण २०० तासांचे उड्डाण लागते, मान्यताप्राप्त सलग अभ्यासक्रमात १५० तास पुरतात, आणि कॅप्टन होण्यासाठी जो वरचा परवाना लागतो त्याला १५०० तास लागतात. अनेक देशांत दोनशे-अडीचशे तासांचा उमेदवार थेट जेट विमानाच्या उजव्या, म्हणजे सहवैमानिकाच्या, खुर्चीत बसू शकतो. अमेरिकेत मात्र २००९ साली बफेलोजवळ झालेल्या अपघातानंतर कायदा बदलला आणि २०१३ पासून सहवैमानिकालाही सर्वसाधारणपणे १५०० तास बंधनकारक झाले. त्यामुळे तिथली मुले मधला काळ विद्यार्थ्यांना शिकवून तास जमवण्यात घालवतात. याखेरीज ज्या जातीचे विमान उडवायचे तिचे टाइप रेटिंग, म्हणजे त्या विमानापुरती खास पात्रता, स्वतंत्रपणे घ्यावे लागते आणि त्याचा खर्च कोण करणार, हा पहिला खडा सवाल असतो. कंपनीने केला तर काही वर्षांचा बॉण्ड लिहून द्यावा लागतो. त्यात फारसे वावगे नाही. पण प्रवासी विमानात काम करू देण्यासाठी नवख्या सहवैमानिकाकडूनच पैसे घेणाऱ्या काही योजना या धंद्यात आहेत, आणि तिकडे मुक्ताने फिरकूही नये.

आता भरती-ओहोटीचे सांगतो, कारण या पेशातले खरे संकट तेच आहे. २००१ च्या सप्टेंबरमधील हल्ल्यांनंतर, २००८ च्या आर्थिक मंदीत आणि २०२० च्या महामारीत, अशी तीनदा या क्षेत्राची भरती जवळजवळ रातोरात थांबली. २०१९ मध्ये जगभरात सुमारे साडेचारशे कोटी विमानप्रवास झाले होते. २०२० मध्ये तो आकडा सुमारे एकशे ऐंशी कोटींवर आला. कंपन्यांनी ज्येष्ठ कॅप्टनांना लवकर निवृत्ती देऊन घरी पाठवले, आणि दोनच वर्षांनी, प्रवासी परत आल्यावर, त्याच कंपन्यांपैकी कित्येकांना वैमानिक कमी पडू लागले. यातली गंमत अशी की, २०२० च्या काळोखात ज्यांनी प्रशिक्षण सुरू करण्याचे धाडस केले, त्यांच्यातले बरेच जण बाहेर पडले तेव्हा दारे उघडलेली होती, आणि २०१८ च्या तेजीत ज्यांनी कर्ज काढले ते परवाना खिशात घेऊन बसून राहिले. प्रशिक्षणाला दीड-दोन वर्षे लागतात. म्हणून आज वर्तमानपत्रात दिसणारी भरती ही आज प्रवेश घेणाऱ्या मुलीसाठी नसतेच, ती आधीच्या तुकडीसाठी असते. कधीकधी तर मंदीचीही गरज लागत नाही. आंतरराष्ट्रीय वयोमर्यादा २००६ च्या अखेरीस साठवरून पासष्टवर गेली आणि पाठोपाठ देशोदेशी तसे नियम झाले, तेव्हा निवृत्त होऊ घातलेले कॅप्टन आणखी पाच वर्षे खुर्चीत राहिले आणि त्यांच्यामागची अख्खी रांग जागच्या जागी थबकली. त्यात कोणाही तरुणाचा काडीचा दोष नव्हता.

येत्या वीस वर्षांत लाखो वैमानिक लागणार, हे भाकीत तुझ्या वाचनात आले असेलच. बोइंगने २०२४ साली हा आकडा सुमारे पावणेसात लाख सांगितला होता. तो खोटा आहे असे मी म्हणणार नाही; पण सांगणारी कंपनी विमाने विकते एवढे ध्यानात ठेव, आणि वीस वर्षांच्या सरासरीतून या महिन्याचा कर्जाचा हप्ता भरता येत नाही, हेही.

सिनिऑरिटी हा शब्द तू आमच्या तोंडून पुष्कळदा ऐकला असशील. बहुतेक मोठ्या कंपन्यांत वैमानिकाची बढती, त्याचे विमान, त्याची रजा, सणाच्या दिवशी तो घरी असणार की आकाशात, हे सारे तो कंपनीत कोणत्या तारखेला रुजू झाला यावर ठरते. कंपनी बदलली की तो क्रमांक मागे राहतो. मी सहवैमानिक असताना माझी पहिली कंपनी बंद पडली, हे तुला आठवत असेल. शेवटच्या काही महिन्यांचा पगार बुडाला, पण त्याहून जास्त झोंबले ते हे की, नव्या ठिकाणी माझ्या लॉगबुकातले तास मोजले गेले आणि नाव मात्र यादीच्या तळाशी लागले. माझ्याहून कमी तास उडालेली मुले केवळ आधी रुजू झाली म्हणून माझ्याआधी कॅप्टन झाली. अन्य पेशांत अनुभवी माणूस नोकरी बदलतो तेव्हा त्याचा भाव वाढतो. इथे तो पुन्हा उमेदवार होतो, आणि म्हणून पहिली कंपनी निवडताना पगाराच्या आकड्याआधी तिचा ताळेबंद पाहावा.

वैद्यकीय तपासणीबद्दल थोडक्यात. प्रथम श्रेणीचे प्रमाणपत्र दर वर्षी, आणि साठीनंतर दर सहा महिन्यांनी, नव्याने मिळवावे लागते. हृदय, डोळे, कान, साखर, मन, यांपैकी कशातही उणे निघाले की, परवाना असूनही माणूस जमिनीवर येतो. मनाच्या बाबतीत अडचण अशी की, औषध चालू आहे असे सांगितले तर उड्डाण थांबेल या धास्तीने वैमानिक बोलत नाहीत. २०१५ मध्ये जर्मनविंग्स या जर्मन विमानकंपनीच्या सहवैमानिकाने विमान मुद्दाम डोंगरावर घातल्यानंतर यावर पुष्कळ चर्चा झाली, सहकाऱ्यांनी चालवलेली मदतकेंद्रे निघाली, तरी ती धास्ती पुरती गेलेली नाही. परवाना गमावल्यास भरपाई देणारा विमा मिळतो. तो पहिल्या पगारापासून घ्यावा.

एवढे ऐकून तू म्हणशील, मग राम कशात आहे? पगाराविषयी लिहीत नाही. कॅप्टन झाल्यावर तो चांगलाच असतो आणि तोवर सांभाळून राहावे लागते. माझ्या दृष्टीने या कामाचे मोल ज्या गोष्टींत आहे, त्यांतली एक तुला जवळून दाखवतो. दर सहा महिन्यांनी आम्हाला सिम्युलेटरमध्ये, म्हणजे कॉकपिटची हुबेहूब नक्कल करणाऱ्या जमिनीवरच्या यंत्रात, परीक्षा द्यावी लागते. ही यंत्रे महाग असल्याने अहोरात्र चालतात आणि पुष्कळदा आपली पाळी मध्यरात्रीनंतरची येते. विमान धावपट्टीवर वेग घेत असते आणि कॅप्टनचा हात थ्रस्ट लिव्हरवर, म्हणजे इंजिनांचा जोर कमी-जास्त करणाऱ्या दांड्यावर, असतो, कारण काही बिघडले तर इथवर थांबता येते. मग ‘व्ही-वन’ अशी हाक येते आणि तो हात उचलला जातो. याचा अर्थ, आता थांबायचे नाही. बरोबर त्याच घटकेला मागे बसलेला परीक्षक एक इंजिन बंद पाडतो. विमान एका बाजूला ओढू लागते, इशाऱ्याचा आवाज येतो, दिवा लागतो. आणि तुम्ही त्या दिव्याला हात लावायचा नसतो. पायाने नाक सरळ ठेवायचे, विमान वर न्यायचे, चाके आत घ्यायची आणि ठरलेली उंची गाठल्यावरच शेजाऱ्याला विचारायचे, ‘काय झाले आहे ते सांग.’ घाई न करण्याची ही शिस्त हेच या पेशाचे मर्म आहे, आणि ती ज्याला आवडते त्याला निवृत्तीपर्यंत कंटाळा येत नाही. आकाशाची ओढ असणारे पुष्कळ असतात. पण तीच चेकलिस्ट रोज तितक्याच गांभीर्याने वाचण्यात ज्याला कमीपणा वाटतो, त्याने छंद म्हणून छोटे विमान उडवावे. रात्रीची जागरणे, वेळेचे पट्टे ओलांडून बिघडलेली झोप, रोस्टरमुळे, म्हणजे कामाच्या पाळ्यांमुळे, हुकलेली लग्नकार्ये, हे सारे त्या शिस्तीच्या मोबदल्यात द्यावे लागते. माझ्या मुलांचे लहानपण मी बरेचसे फोनवर पाहिले, आणि ते मी सोसले याहून त्यांच्या आईने सोसले, असे म्हणणे अधिक खरे होईल.

आता यंत्राचे. कॉकपिटमधली माणसे कमी होत आली आहेत, यात शंका नाही. नॅव्हिगेटर गेला, रेडिओ ऑपरेटर गेला, १९८० च्या दशकातल्या नव्या विमानांनी फ्लाइट इंजिनिअरची खुर्चीही काढून घेतली. एअरबसने २०२० मध्ये कॅमेऱ्यांच्या आधारे विमान आपोआप उडवून आणि उतरवून दाखवले. तरीही स्वयंचलित लँडिंगचे तंत्र १९६० च्या दशकापासून वापरात असताना, आजही बहुतेक विमाने माणूसच उतरवतो, कारण आडवा वारा जोरात असला की, त्या यंत्रणेची मर्यादा वैमानिकाच्या मर्यादेआधी संपते. २००९ च्या जूनमध्ये अटलांटिकवर एअर फ्रान्सच्या विमानाच्या वेगमापक नळ्यांत बर्फ साठले, ऑटोपायलटने अंग काढून घेतले आणि पुढच्या साडेचार मिनिटांत २२८ माणसे गेली. यंत्र शहाणे असेपर्यंत सारे सांभाळते आणि सर्वांत वाईट क्षणी कारभार माणसाच्या हाती देते. त्या क्षणी ज्याच्या हाताला सवय उरलेली नाही त्याचे काय होते, ते त्या रात्री दिसले. दीर्घ उड्डाणाच्या मधल्या टप्प्यात एकाच वैमानिकावर भागवता येईल का, याचा अभ्यास युरोपच्या विमानसुरक्षा यंत्रणेने केला आणि २०२५ मध्ये सध्या तरी तितकीच सुरक्षितता सिद्ध करता येत नाही, असा निष्कर्ष काढला. एखादे विमान पंचवीस-तीस वर्षे सेवेत असते आणि आज कंपन्या विकत घेत आहेत त्या साऱ्या विमानांच्या कॉकपिटमध्ये वैमानिकांच्या दोन खुर्च्या आहेत. मुक्ताच्या कारकिर्दीच्या उत्तरार्धात मालवाहू विमानांत एक खुर्ची कमी झाली तर मला नवल वाटणार नाही. तिला पहिली नोकरीच मिळणार नाही, इतक्या जवळ हे संकट आलेले नाही.

तेव्हा माझे म्हणणे असे की, तिला जाऊ दे, पण राहते घर गहाण ठेवून नव्हे. कर्ज इतकेच काढ की, परवाना मिळाल्यावर दोन-तीन वर्षे नोकरी लागली नाही तरी ते फेडता येईल. तेवढे जमत नसेल तर तिने आधी एखादी पदवी घेऊन मग यावे, तिशीच्या आत सुरुवात केली तरी पुष्कळ वर्षे हाताशी राहतात. प्रवेशाचा एक पैसाही भरण्याआधी प्रथम श्रेणीची वैद्यकीय तपासणी करून घ्या, विशेषतः रंग ओळखण्याची. संस्था पाहायला जाल तेव्हा कचेरीत बसून माहितीपत्रक वाचू नका; विमाने ठेवतात त्या हँगरमध्ये जाऊन उडण्याच्या स्थितीतली विमाने किती आहेत ते मोजा आणि आताच्या विद्यार्थ्यांना विचारा की, गेल्या महिन्यात त्यांचे किती तास झाले. प्रशिक्षक सहा महिन्यांत बदलत असतील तर तेही विचारा, कारण कंपन्यांची भरती सुरू झाली की सर्वांत आधी प्रशिक्षकच निघून जातात आणि विद्यार्थी खोळंबतात. सगळी फी आगाऊ मागणाऱ्या संस्थेला हप्त्यांची अट घाला, आणि करारनाम्याची प्रत सही करण्याआधी मला पाठव. फी परत करण्याचे कलम मी स्वतः वाचून कळवतो.

वहिनींना नमस्कार, मुक्ताला आशीर्वाद.

तुझा,
अरविंद