पोटरीतल्या गोळ्यांबद्दल, आई-बाबांना

सोलापूर

ती. आई व ती. बाबा यांस,
शि. सा. नमस्कार.

फोनवर आपलं काही धड बोलणं होत नाही. बाबांना निम्मं ऐकू येत नाही, आई निम्म्यातच रडायला लागते आणि मधेच सई फोन ओढते. म्हणून लिहून पाठवतेय. दादा रविवारी गावाकडं येतोय, त्याच्याच हाती देते. बाबा, मोठ्यानं वाचा, आणि आईनं मधे थांबवलं तरी शेवटपर्यंत वाचा.

मला आठवा महिना चालू आहे आणि रात्री पोटरीत गोळे येतात. बातमी एवढीच. सासूबाईंनी ती ‘पोर रात्री किंचाळते’ अशी सांगितली, त्यामुळं तुमची झोप उडाली. किंचाळते हे मात्र खरं आहे. गाढ झोपेत पोटरीचं मांस एकदम आखडतं, लिंबासारखं टणक होतं, पाय ना सरळ होतो ना दुमडता येतो. एक-दोन मिनिटांत सुटतो, पण दुसऱ्या दिवशी चालताना पोटरी ठणकत राहते. सईच्या वेळी असलं काही झालं नव्हतं, म्हणून मीही आधी घाबरले.

डॉक्टरबाईंना विचारलं. शेवटच्या तीन महिन्यांत बऱ्याच बायकांना हे होतं, आणि ते बहुतेक रात्रीच होतं. नेमकं कारण अजून कुणालाच पक्कं सापडलेलं नाही म्हणे. वाढलेलं वजन, दमलेले स्नायू, पायांतून वर जाणाऱ्या रक्तावर पोटाचा दाब, असं सगळं मिळून असावं. बाळाला त्याचा काही त्रास नाही. आई, ही ओळ परत वाचून घे. नजर काढायची तर काढ, पण तेवढ्यासाठी उपास धरू नकोस.

खरा उपाय मला डॉक्टरांच्याही आधी शेजारच्या अक्कांनी दाखवला. त्यांच्या घरी तेलुगू बोलतात, मालक यंत्रमागावर आहेत. पाळीभर उभं राहून त्यांनाही रात्री गोळे यायचे. अक्का म्हणाल्या, पाय धरून रडत बसू नको, गुडघा सरळ कर आणि पायाची बोटं नाकाकडं ओढ. डॉक्टरबाईंनीही पुढं हेच सांगितलं. पण माझा हात पोटाच्या पलीकडं पोचतो कुठं! मग उशाशी एक टॉवेल ठेवला, आपला सोलापुरीच, जाड आणि लांब. तो तळपायाला अडकवायचा आणि दोन्ही टोकं हळूहळू आपल्याकडं ओढायची. झटका द्यायचा नाही. गोळा सैल पडला की पोटरी चोळायची, नाहीतर कोमट पाण्याची पिशवी ठेवायची. कधी कधी फरशीवर टाच टेकवून उभं राहिलं तरी सुटतो. मात्र मी एकटी उठत नाही. ह्यांना हलवते, ते हात धरतात. अर्धवट झोपेत, एवढं पोट घेऊन पडायचं नाहीये मला.

आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली. पहाटे आळस देताना बोटं खाली ताणली गेली की हमखास गोळा येतो. आता आळस दिला तरी टाच पुढं करूनच देते. हसाल, पण फरक पडलाय. झोपण्याआधी भिंतीवर हात टेकून एक पाय मागं घेते, मागची टाच जमिनीला चिकटलेली, पुढचा गुडघा वाकवायचा, आणि मागची पोटरी अर्धा मिनिट ताणून धरायची. मग दुसरा पाय. सईपण शेजारी उभी राहून भिंत ढकलते.

नळाला पाणी येतं त्या दिवशी हा त्रास जास्त होतो. आमच्याकडं रोज पाणी येत नाही, हे तुम्हाला माहीतच आहे. पिंपं आणि घागरी भरेपर्यंत तास-तासभर उभं राहणं व्हायचं. आता ते काम ह्यांच्याकडं दिलंय. सासूबाईंचं तोंड दोन दिवस वाकडं होतं, मग सरळ झालं. उन्हाळाही असा की दुपारी घाम निथळत असतो, त्यामुळं पाणी आणि ताक आठवणीनं पिते.

बाबा, केळ्यांबद्दल. खाते मी केळी, पण त्यानं गोळे जातात असं काही सिद्ध झालेलं नाही, तेव्हा दादाबरोबर फणी पाठवू नका, या उन्हात वाटेतच काळी पडतात. कॅल्शियमची 500 मिलिग्रॅमची गोळी दोन वेळा जेवणाबरोबर घेते. लोहाची वेगळी, मधे दोन तास सोडून, कारण दोन्ही एकदम घेतल्या तर लोह अंगी लागत नाही. मॅग्नेशियमनं कुणाला बरं वाटतं, कुणाला नाही, म्हणून डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय ते घेणार नाही.

आई, मालिशवालीचं तू सारखं म्हणतेस. एकच पाय सुजला, लाल नि गरम झाला आणि दुखणं थांबेचना, तर तो पाय अजिबात चोळायचा नसतो. आत रक्ताची गुठळी असू शकते, तेव्हा तडक दवाखाना गाठायचा. माझं तसं काही नाही, डॉक्टरबाईंनी दोन्ही पाय बघितलेत.

आता बाबा, तुमच्याबद्दल. आईनं सांगितलंय की तुम्हीही रात्री उठून ओसरीत फेऱ्या मारता आणि विचारलं की ‘उकडतंय’ म्हणता. उकडत नाही, पोटरी आखडते. उतारवयात हे होतंच, पण लघवी जास्त होणाऱ्या बीपीच्या गोळीनं किंवा कोलेस्टेरॉलच्या गोळीनंही होऊ शकतं. म्हणून पुढच्या वेळी सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून डॉक्टरांपुढं ओता. आपल्या मनानं एकही बंद करू नका. आणि शेताच्या वाटेवर चालताना पोटरी दुखून थांबावं लागतं का, थांबलं की बरं वाटतं का, हे त्यांना खरं खरं सांगा. ते दुखणं वेगळं असतं, रक्तवाहिन्यांचं. टॉवेल आणि भिंत मात्र तुम्हालाही चालेल. भिंत धरून सावकाश करा.

आई, तू आत्ता उन्हातान्हात यष्टीनं येऊ नकोस. नववा लागला की ये, मग बाळंतपण उरकेपर्यंत तुला सोडणार नाही. त्याआधी मदत करायचीच असेल तर सईला सुट्टीपुरतं गावी न्या. दिवसभर ‘आई उचल, आई उचल’ चालतं आणि मला आता तिला उचलवत नाही. ती तुमच्याकडं राहील, फक्त रात्री गोष्ट लागते आणि भाकरीबरोबर शेंगाचटणी कमी तिखटाची. जमेल का तेवढं दादाजवळ सांगून पाठवा, म्हणजे तिचे कपडे भरून ठेवते.

तुमची,
ताई