सोपाऱ्याच्या स्तूपाकडेही वळा

महोदय,

वसईला येणारे पर्यटक किल्ला बघतात, चिमाजी अप्पांच्या १७३९ मधील विजयाची आठवण काढतात आणि अर्नाळ्याच्या किनाऱ्याकडे निघतात. त्यात गैर काही नाही. पण स्तूपासाठी नालासोपाऱ्यात उतरणारे विरळाच. प्राचीन शूर्पारक बंदर ते हेच! १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी इथल्या बुरूड राजाच्या कोटात उत्खनन केले, तेव्हा स्तूपातून बुद्धमूर्ती आणि सोन्याची फुले निघाली. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही सोपाऱ्याचाच. आमची ओळख मात्र उरली लोकलच्या गर्दीपुरती. स्टेशनबाहेर स्तूपाची वाट दाखवणारा ठळक फलक आणि तिथे मराठीत नीट माहिती, एवढे तरी व्हावे. वसईची सुकेळी विकणाऱ्यांनाही चार गिऱ्हाइके जास्त मिळतील.

– एक वाचक, नालासोपारा