गृहमंत्री साहेब, छळविरोधी करारावरच्या १९९७ च्या त्या सहीचं पुढे काय झालं?

मा. केंद्रीय गृहमंत्री साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी तालुका कोर्टात वकिली करतो. रिमांडला आरोपी उभा केला की मॅजिस्ट्रेट एक ठरलेला प्रश्न विचारतात, पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का. आरोपी आधी मागे उभ्या हवालदाराकडे बघतो, मग 'नाही' म्हणतो, रोजनाम्यात 'तक्रार नाही' लिहिलं जातं आणि पुढची केस पुकारतात. आमच्याकडे चौकीतल्या पट्ट्याला बाजीराव म्हणतात, माझ्या अशिलांना तो कोण हे समजावून सांगावं लागत नाही.

भारताने १४ ऑक्टोबर १९९७ ला यूएनच्या छळविरोधी करारावर सही केली. म्हणजे साखरपुडा झाला, लग्न अजून बाकी आहे, कारण आपण तो रॅटिफाय, म्हणजे बंधनकारक म्हणून मंजूरच केला नाही. आणि उद्या केला तरी तो आपोआप इथला कायदा होत नाही, ही गोष्ट लोकांना माहीत नसते. नेदरलँड्समध्ये करारातली सगळ्यांना बांधील असलेली कलमं कोर्टात थेट चालतात, देशाचा कायदा आडवा आला तर तोच बाजूला ठेवतात. आपण इंग्रजांची पद्धत उचलली, बाहेर सही सरकार करणार पण घरात त्याचा कायदा संसदेने करायचा, तोवर माझ्या अशिलाला त्या सहीचा उपयोग शून्य.

आता तुमच्या खात्याचं ठरलेलं उत्तर मला पाठ आहे, पोलीस हा राज्यांचा विषय आहे. अहो साहेब, पण घटनेचं कलम २५३ नेमकं त्यासाठीच आहे ना? आंतरराष्ट्रीय करार अमलात आणायचा असेल तर संसद अख्ख्या देशासाठी कायदा करू शकते, विषय राज्यांच्या यादीत असला तरी. हे घटना लिहिणाऱ्यांनी आधीच सोडवून ठेवलेलं गणित आहे.

छळविरोधी बिल आलं नव्हतं असंही नाही. मे २०१० मध्ये लोकसभेने पास केलं, राज्यसभेने सिलेक्ट कमिटीकडे पाठवलं, कमिटीने त्याच वर्षी रिपोर्ट दिला आणि मग २०१४ ला लोकसभा संपली तसं बिलही संपलं. ते सरकार तुमचं नव्हतं, मान्य. पण २०१७ ला लॉ कमिशनने, म्हणजे कायद्यांबाबत सरकारला सल्ला देणाऱ्या आयोगाने, २७३ वा अहवाल दिला तेव्हा तुमचंच होतं, आणि करार रॅटिफाय करा असं त्यात सरळ लिहिलंय. २०२३ ला तुम्ही स्वतः तीन नवे फौजदारी कायदे आणलेत, आयपीसी गेली आणि न्यायसंहिता आली, त्यात कबुलीसाठी मारहाण केल्याचं जुनं कलम १२० नंबरने आलं पण छळ असा वेगळा गुन्हा आलाच नाही. अंगाला इजा झाली तर ते कलम, रात्रभर झोपू न देणं त्यात कसं बसवायचं मला कोणी सांगावं. कस्टडीत जखमा झाल्या तर त्या पोलिसाने केल्या असं कोर्टाने धरून चालावं ही सूचना तर लॉ कमिशन १९८५ पासून करतंय, नव्या साक्ष कायद्यात तीही नाही.

मधल्या काळात कोर्टांनी ओढाताण करून जमेल तेवढं केलं. आपण १९७९ ला नागरी हक्कांचा करार स्वीकारला तेव्हा अट घातली होती की बेकायदा अटकेची भरपाई हक्क म्हणून देणार नाही. १९९३ ला सुप्रीम कोर्टाने कस्टडीत पोरगा गेलेल्या ओडिशातल्या एका आईला दीड लाख देताना करारातल्या त्याच भरपाईच्या कलमाचा दाखला दिला! (माझं आवडतं जजमेंट.) विशाखा या कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाच्या केसमध्येही तसंच झालं, १९९७ ला महिलांच्या कराराचा आधार घेऊन गाइडलाइन्स दिल्या, कायदा यायला २०१३ उजाडलं. पण छळाच्या बाबतीत २०१९ ला कोर्टाने सांगून टाकलं की कायदा करा असा हुकूम आम्ही संसदेला देऊ शकत नाही. म्हणजे चेंडू पुन्हा तुमच्याकडेच.

गरिबाचं जाऊ द्या, परदेशातले आरोपी इथे आणायचं तुमचं स्वतःचं कामही यामुळे अडतंय. पश्चिम बंगालमधल्या पुरुलियात विमानातून शस्त्रं टाकल्याच्या केसमधला आरोपी डेन्मार्कच्या कोर्टाने २०११ ला दिला नाही, कारण इथे छळ होईल. फेब्रुवारी २०२५ ला लंडनच्या हायकोर्टाने तिहारमधल्या खंडणी आणि मारहाणीच्या भीतीवरून एकाला भारताकडे न देता सोडलं. मल्ल्याच्या वेळी मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगातल्या १२ नंबर बॅरेकचा व्हिडिओ काढून लंडनला पाठवावा लागला, उजेड येतो का हे जजला बघायचं होतं. माझ्या अशिलाच्या लॉकअपचा व्हिडिओ कोणी मागत नाही, बरं का.

श्रीलंकेने १९९४ ला कायदा केला, बांगलादेशने २०१३ ला, पाकिस्तानने २०२२ ला. तिथे छळ थांबला असं मी म्हणत नाही, पण निदान गुन्ह्याला नाव तरी आहे.

मसुदा शोधायला कुठे जायला नको, २७३ व्या अहवालाच्या शेवटी जोडलेला आहे. येत्या अधिवेशनात तो मांडणार का, एवढं कळवा.

आपला,
तालुका कोर्टातला एक वकील