तुळस थंडीने नाही, पाण्याने मरते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळी आणि तुळशीचे लग्न आटोपले की महिनाभरात नागपुरात घरोघरी तीच तक्रार सुरू होते: तुळस वाळली, शेवंती काळी पडली, यंदा थंडीच फार. मग जानेवारीत नवे रोप येते आणि तेही जाते. यातली बरीचशी झाडे थंडीने नव्हे, तर मुळाशी साचलेल्या पाण्याने मरतात. उपाय सोपा आहे आणि तो थंडी पडण्याआधीच करायचा असतो.

ऑक्टोबरच्या उन्हात कुंडी रोज पाणी मागते. नोव्हेंबरच्या मध्यापासून रात्री गार होतात, वाढ मंदावते, मुळे पाणी कमी उचलतात. आपला तांब्या मात्र रोज तेवढाच असतो. त्यात आपल्याकडची काळी माती. ओली असली की तिच्यात हवा खेळत नाही. वाळली की कुंडीच्या कडेला भेग पडते, वरून घातलेले पाणी त्या भेगेतून थेट तळाशी जाते आणि मधला गड्डा कोरडाच राहतो.

सिमेंटच्या वृंदावनाचे दुखणे याहून मोठे. कित्येक वृंदावनांना पाणी बाहेर जायला भोकच नसते. रंगरंगोटी करण्याआधी तळापासून बोटभर उंचीवर, बाहेरच्या बाजूला किंचित उतार ठेवून, ड्रिलने 12 मिलिमीटरची दोन भोके पाडून घ्यावीत. आतून त्यांवर खापराचे तुकडे, वर दोन इंच गिट्टी, आणि मग दोन भाग माती, एक भाग जाडी रेती, एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत. बोट दोन पेर मातीत घालून पाहावे. ओल लागली तर त्या दिवशी पाणी नको. पूजेचे पाणी पळीभरच घालावे. दूध, तेल आणि कुंकू मुळाशी पडू देऊ नये. दिवा पानांपासून हातभर लांब ठेवावा. मंजिऱ्या तपकिरी होण्याआधी खुडाव्यात, नाहीतर झाड बी धरते आणि वाढ थांबवते.

थंडीचा फटका नसतोच असे नाही. 29 डिसेंबर 2018 रोजी नागपूरचा पारा 3.5 अंशांपर्यंत उतरला होता, आणि 10 अंशांखाली तुळशीची पाने काळवंडतात. पण ओळख वेगळी आहे. थंडीने आधी शेंड्याची पाने करपतात आणि खोड नखाने खरवडले तर आत हिरवे दिसते. असे झाड उपटू नये. रात्री जुन्या सुती साडीने झाकावे, सकाळी उघडावे आणि फेब्रुवारीत वरचा एक तृतीयांश भाग छाटावा, ते पुन्हा फुटते. पाण्याने मेलेल्या तुळशीची खालची पाने आधी पिवळी पडतात, मातीलगतचे खोड काळे आणि मऊ लागते, मातीला कुजका वास येतो. हिरवा शेंडा उरला असेल तर चार इंचांची काडी तोडून रेतीत लावावी. मूळ झाड वाचत नाही.

शेवंतीबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण दिवाळीत तिची रोपे खूप विकली जातात. विकत आणलेले रोप बहुधा कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात असते. तो गड्डा जसाच्या तसा काळ्या मातीत बसवला की दोन्हींतली ओल एकमेकांत मिसळत नाही: गड्डा तरी कुजतो, नाहीतर आतून कोरडा पडतो. म्हणून लावताना बाहेरचा भुसा हलक्या हाताने मोकळा करावा. रोप घेताना उमललेल्या फुलांपेक्षा रंग दाखवणाऱ्या कळ्या जास्त आहेत ना, हे पाहावे. मावा दिसला तर लिटरभर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि साबणाचे चार थेंब घालून संध्याकाळी फवारावे. बहर संपला की झाड फेकू नये. जमिनीपासून वीतभर ठेवून कापावे. बुडातून काश्या (नवे फुटवे) फुटतात, जून-जुलैत त्या वेगळ्या करून लावता येतात. ऑगस्टअखेरपर्यंत दोनदा शेंडे खुडावेत, नंतर नाही. घरच्या शेवंतीला कळीच येत नाही अशी तक्रार असेल तर रात्री दिवा कुठून पडतो ते पाहा. शेवंतीला कळी धरायला लांब, अखंड अंधार लागतो. रस्त्यावरचा किंवा पोर्चमधला दिवा रात्रभर पडत राहिला तर ती नुसती पानांनीच वाढते. नाताळाच्या पॉइन्सेटियालाही हेच लागू.

झेंडूला फार काही लागत नाही, सुकलेली फुले काढत राहिलात तर तो डिसेंबरपर्यंत चालतो. गुलाबाची छाटणी मात्र पाऊस गेल्यावर, ऑक्टोबरच्या मध्याला उरकावी. बाहेरच्या दिशेच्या डोळ्याच्या वर तिरपा काप घ्यावा आणि कापावर बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा बुरशीनाशक लेप) लावावी. साधारण दीड महिन्याने फुले येतात.

आपल्या वृत्तपत्रातून रोपवाटिकाचालकांना एक विनंती. सणाच्या गर्दीत रोप देताना 'रोज पाणी घाला' असे सरसकट सांगू नये. बोट घालून ओल पाहायला सांगावे. आणि वृंदावने घडवणाऱ्यांनी ती साच्यातून काढतानाच भोक ठेवावे, गिऱ्हाइकाने मागण्याची वाट पाहू नये.

आपला,
एक वाचक, धरमपेठ, नागपूर