'रणांगण' वाचल्यावर तुम्ही माझं ऐकून घेतलंत

वाचनालयातल्या बाईंना,
सप्रेम नमस्कार.

विश्राम बेडेकरांचं 'रणांगण' परत करायला आले तेव्हा मी फार तावातावाने बोलले. कादंबरीचा नायक चक्रधर विध्वंस याचा मला संताप आला होता. हिटलरच्या जर्मनीतून परागंदा व्हावं लागलेली ज्यू हॅर्टा त्याच्यावर जीव ओवाळून टाकते, बोटीवरच्या मोजक्या दिवसांत अख्खं आयुष्य जगू बघते, आणि हा मुंबईला उतरून जातो. ती बोटीवर तशीच पुढे. मग समुद्र. शेवट वाचून रात्रभर डोळा लागला नाही. घरी सांगितलं तर 'अगं, कादंबरीच आहे ना ती!' एवढंच ऐकायला मिळालं.

तुम्ही तसं म्हणाला नाहीत, म्हणून हे पत्र.

समोरची खुर्ची पुढे केलीत. चक्रधरची बाजू घेतली नाहीत, माझीही नाही. फक्त विचारलंत, "पण तिला मुंबईत उतरू दिलं असतं का गं?" तोवर माझ्या लेखी ही दोघांचीच गोष्ट होती. कुठलाच देश आपलं म्हणत नाही अशी ती बोटीवरची माणसं मला त्या प्रश्नानंतर दिसली. मग तुम्ही प्रकाशनाचं साल दाखवलंत, १९३९. छळछावण्यांमध्ये पुढे काय झालं ते लिहिताना बेडेकरांना कुठून माहीत असणार? आपल्याला माहीत असतं. त्यामुळे हॅर्टा नुसती हसली तरी आपल्याला सोसवत नाही, असं तुम्ही म्हणालात, आणि मला एवढं रडू का येत होतं ते तेव्हा कुठे उमगलं.

पुस्तक पुन्हा माझ्याच नावावर घालून दिलंत, तेही न मागता. या खेपेस सावकाश वाचलं. आधीच्या प्रेमात, उमाकडून, पोळलेला चक्रधर पहिल्यांदा माझ्या नजरेतून पार निसटला होता. त्याला मी अजून माफ केलेलं नाही, बाई, आणि करावंसंही वाटत नाही. पण आता त्याच्या नावाने बोटं मोडताना तिला उतरायला जागा न देणारी बंदरंही आठवतात.

तुम्ही सुचवलेली विभावरी शिरूरकरांची 'बळी' बाजूला काढून ठेवाल का? शिरूरकर म्हणजे बेडेकरांच्याच पत्नी; नवऱ्याने बोटीवरची बेघर माणसं लिहिली आणि बायकोने तारेच्या कुंपणाआड डांबलेली, हे तुम्ही सांगितल्यापासून मला ती वाचायचीच आहे. शनिवारी येते. वाचून झाल्यावर बोलायलाही येईन.

तुमची,
एक वाचक